माझ्या रावणाला हात लावू नका

शनिवारची सकाळ आहे, चहाचा दुसरा कप झालाय आणि मी भांडायला बसलोय. भांडण घरचंच आहे. पण तुमच्याही घरात ते झालं असेल किंवा लवकरच होईल, म्हणून इथे मांडतो.

झालं असं. २०२५च्या दसऱ्याआधी आईने नाशिकच्या घरातला माळा आवरायला काढला. (आमचा माळा वर्षातून एकदाच उघडतो आणि दरवर्षी त्यात तोच तुटका टेबलफॅन सापडतो. तो टाकायचा नाही, असं बाबांचं म्हणणं. असो.) ह्या वेळी फॅनखाली माझी चित्रांची वही निघाली. वही कसली, बाबा सातपूरच्या कंपनीतून कॉम्प्युटरचा पाठकोरा कागद आणायचे, दोन्ही कडांना भोकं पाडलेला, तो आईने सुतळीने शिवून दिला होता. एका बाजूला कंपनीच्या मालाची यादी, दुसऱ्या बाजूला मी. इयत्ता दुसरी ते पाचवी. आत सगळे सिनेमातले लोक: हनुमान, राम, सीता, सिंबा, मोगली आणि एक ओळखू न येणारा प्राणी, ज्याच्याखाली मी स्वतःच 'बगीरा' लिहून ठेवलंय.

आईने पाच-सहा पानांचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. मी पुण्यात हापिसात, मीटिंगमध्ये, टेबलाखाली फोन धरून बघतोय आणि खरं सांगतो, घशाशी काहीतरी आलं. तेवढ्यात माझ्या चुलतभावाने, त्याला आपण बंड्या म्हणू, दोन चित्रं परत पाठवली. माझीच. 'दुरुस्त' करून.

पहिलं चित्र पंचवटीचं. म्हणजे मी काढलेली पंचवटी. मध्ये झोपडी, झोपडीत सीता, बाहेर सोन्याचं हरीण, जे शेजारच्यांच्या शेळीवरून काढल्यामुळे शेळीच दिसतं. मागे पाच वडाची झाडं आणि प्रत्येक खोडावर गोल करून १, २, ३, ४, ५ असे आकडे. उजव्या कोपऱ्यात भेळेची गाडी. बंड्याच्या आवृत्तीत हरीण झळाळतंय, सीता नटीसारखी, झाडांतून सोनेरी ऊन येतंय आणि... भेळेची गाडी गायब. आकडे गायब. त्या जागी घनदाट जंगल.

दुसरा रावण. माझ्या रावणाला सात डोकी आहेत. बंड्याच्या मशीनने ती वाढवली. वर्म्यासारखं भेदक डोळ्यांचं एकेक डोकं, मुकुट, धूर, ज्वाळा. मी मीटिंगमध्येच मोजली. नऊ.

ग्रुपवर मात्र बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. काकू म्हणाल्या, "बघ, तेव्हा तुला असं काढता आलं असतं तर!" संध्याकाळपर्यंत आईने ती नवी पंचवटी डीपीला लावली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय? पोराने कौतुकाने केलं. हो, कौतुकानेच केलं. बंड्या गुणी मुलगा आहे, हिंजवडीत आहे, मी त्याला सायकल शिकवलीये. आणि मी काही चरखा घेऊन बसलेला माणूस नाही. हीच टूल्स मी सोमवार ते शुक्रवार वापरतो, माझा पगार त्यावर होतो. तरीही माझं म्हणणं आहे की बंड्याने जे केलं ते चूक आहे, आणि ही चूक त्याच्या मशीनच्या आधी वीस वर्षं आपल्या शाळांनी केलेली आहे. दोघांचा गुन्हा एकच.

आधी ती चित्रं निघायची कशी ते सांगतो. 'हनुमान' आला २००५ साली, व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके ह्यांचा. आमच्याकडे त्याची व्हीसीडी होती, त्यामुळे पॉज करता यायचं. पॉज केलं की मी पातळ कागद टीव्हीच्या काचेवर धरायचो. जुना फुगीर काचेचा टीव्ही ज्यांना आठवतो त्यांना माहितीये, काच चरचरायची, हातावरचे केस उभे राहायचे आणि कागद आपोआप चिकटायचा. मग पेन्सिलने गिरवायचं. दोन-तीन मिनिटांत बाबा ओरडायचे, "टीव्ही जळेल!" म्हणजे प्रत्येक चित्राला दोन-तीन मिनिटं. हनुमानाची गदा माझ्या वहीत अर्धीच आहे, त्याचं कारण कलेतलं नाही, बाबा आहेत.

पण 'रामायण' वेगळं. तो जपानी सिनेमा, युगो साको ह्यांनी केलेला, १९९३चा, आमच्या लहानपणी कार्टून नेटवर्कवर लागायचा. केबलवरच्या सिनेमाला पॉज नाही. सुट्टीच्या दिवशी लागला की डोळे फाडून बघायचा आणि संपला की पळत जाऊन आठवेल ते काढायचं. आणि आठवायचं अर्धंच. उरलेलं अर्धं कुठून आणायचं? मग मी नाशिकमधून आणलं.

माझं आजोळ पंचवटीत. सीतागुंफेजवळच्या वडांना खरोखरच आकडे आहेत, म्हणजे पाहुण्यांनी पाच मोजून घ्यावेत! सिनेमातली पंचवटी घोर अरण्य होती. मला ते पटलंच नव्हतं. पंचवटी मी पाहिली होती की! तिथे रिक्षा होत्या, माळा विकणाऱ्या बायका होत्या, गोदावरीवरून येणारे ओले लोक होते. एवढे लोक येतात तर भेळवाला असणारच, वनवासातही असणार. ही माझी चूक नव्हती, माझा तर्क होता. बंड्याने ज्याला बग समजून पॅच मारला ते त्या पानावरचं एकमेव माझं काम होतं! बाकी सगळं साको साहेबांचं.

हे मशीन असं का करतं, तेही आपण जाणतो. लाखो चित्रांत जे जे एकत्र दिसतं ते ते एकत्र आणणं हा त्याचा धंदा. झोपडी, हरीण, सीता म्हटलं की जंगल. वनवास आणि भेळ लाखो चित्रांत एकत्र दिसत नाही, म्हणून ती कचरा ठरते. गणित म्हणून ह्यात काहीच गैर नाही. पण त्या गणिताला 'दुरुस्ती' म्हणू नका.

आता शाळा. आमचे ड्रॉइंगचे सर (नाव नको, शाळेचंही नको) माणूस म्हणून वाईट नव्हते. चौथीत मी त्यांना ही वही दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "नक्कल आहे ही. स्वतःच्या मनाचं काढ." झालं. माझ्या आठवणीत तरी मी त्यानंतर शाळेत वही नेली नाही.

ठीक आहे, स्वतःच्या मनाचं. मग सातवीत आला एलिमेंटरी परीक्षेचा क्लास. महाराष्ट्रात शिकलेल्यांना सांगायला नको: कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. त्यात स्मरणचित्र नावाचा एक पेपर. नाव किती सुंदर! स्मरणातून काढायचं. मी म्हटलं, हे तर आपण वर्षानुवर्षं करतोय. पहिल्याच दिवशी क्लासने आम्हाला पाच तयार चित्रं दिली. बसस्टॉप, भाजीबाजार, दिवाळी, पाणवठा, बाग. ती पाठ करायची. माणसं शक्यतो पाठमोरी, कारण चेहरा काढायला वेळ जातो आणि चुकतो. एक बाई डोक्यावर टोपली घेतलेली, एक माणूस छत्री घेतलेला, एक मूल फुगा घेतलेलं. विषय कुठलाही येवो, ही तीन माणसं त्यात बसवायची. परीक्षेच्या हॉलमध्ये मी डावी-उजवीकडे पाहिलं तर तीसेक कागदांवर तीच टोपली, तीच छत्री, तोच फुगा. पावसात फुगा!

म्हणजे ज्या रामावर जीव जडला म्हणून आम्ही तो काढला ती नक्कल. आणि ज्या छत्रीवाल्याशी आमचा काडीचा संबंध नाही त्याला घोकून उतरवलं ते स्मरणचित्र. आता तर इंटरमीजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुणही मिळतात, त्यामुळे टोपलीवाल्या बाईचा भाव आणखी वधारला असणार. बंड्याचं मशीन जे आज करतं ते आमच्या क्लासने आमच्याच हातून करून घेतलं होतं. मला बी ग्रेड मिळाली. आईने पेढे वाटले. मी त्यानंतर चित्र काढलं नाही. मग अकरावी, सीईटी, इंजिनिअरिंग, कॅम्पस... पुढची ष्टोरी तुमचीच आहे.

'नक्कल' ह्या शब्दाचा मला आता इतका राग येतो की मी त्या सोन्याच्या हरणाची वंशावळच शोधली. ऐका. १९५६च्या सुमारास क्लेअर वीक्स नावाचा डिस्नेचा अ‍ॅनिमेटर मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आला. हा माणूस 'बॅम्बी'वर काम केलेला, म्हणजे हरणं काढून काढून हात बसलेला. त्याच्या हाताखाली आपल्याकडची मंडळी तयार झाली, 'द बनियन डीअर' नावाचा छोटा चित्रपट निघाला १९५७ साली. वड आणि हरीण, बघा योगायोग. त्या मंडळींत एक होते राम मोहन. हेच राम मोहन पुढे युगो साकोंच्या 'रामायणा'चे सहदिग्दर्शक. तिकडे जपानमध्ये ओसामु तेझुका, ज्यांना जपानी कॉमिक्सचा देव मानतात, त्यांनी १९५१ साली डिस्नेच्या 'बॅम्बी'चं स्वतःच्या हाताने कॉमिक केलं होतं, कारण तो सिनेमा त्यांच्या डोक्यातून जाईना. फॅन आर्टच की! आणि खुद्द डिस्नेवाल्यांनी १९७३च्या 'रॉबिन हूड'मधला नाच कुठून घेतला? आपल्याच १९३७च्या 'स्नो व्हाइट'वरून, हालचाली गिरवून. कंपनीने गिरवलं तर बचत, आठ वर्षांच्या पोराने गिरवलं तर नक्कल. वा!

ह्या सगळ्यांतून आलेलं हरीण एका दुपारी सिडकोतल्या आमच्या टीव्हीवर दिसलं आणि माझ्या वहीत येऊन शेळी झालं. मला ह्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

आणि नाशिककरांनी तरी नकलेला नाक मुरडू नये (शूर्पणखेच्या गावात नाकाच्या गोष्टी जपूनच कराव्यात). दादासाहेब फाळके आपले. त्र्यंबकेश्वरला जन्म १८७०चा, शेवट नाशिकात १९४४ला. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक परदेशी सिनेमा बघताना त्यांना पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी कृष्ण दिसू लागला, राम दिसू लागला. असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. हे काय आहे? पडद्यावरचं पाहिलं, वेड लागलं, घरी येऊन आपलं गाव त्यात घातलं. भेळेची गाडीच आहे ही! १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' आला, त्याच वर्षी त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाची एक छोटी फिल्म केली, आगकाड्या हलवत हलवत, एकेक चौकट टिपून. आगकाड्या नाचवण्याची कल्पना तशी नवी नव्हती. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ला आगकाड्यांवर फिल्म केलेली होती. आमच्या सरांनी फाळक्यांच्या वहीवरही लाल पेनाने 'नक्कल' लिहिलं असतं.

'आगकाड्यांची मौज'ची प्रत आज नाही. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, कारंजी पाहायचो आणि डबा खायचो. ह्या माणसाने काड्या नाचवल्या होत्या हे आम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही. मला ते नोकरी लागल्यावर कळलं, एका रविवारी, असंच काहीतरी वाचताना. आठवीत कळायला हवं होतं.

परत बंड्याकडे. त्या रात्री मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे दादा, तू सेंटी होतोयस. ज्याचा हात चालत नाही त्यालाही आता चित्र काढता येतं. चांगलंच आहे ना?" हे वाक्य मी हापिसातही ऐकलंय. २०२५च्या मार्चअखेरीला सगळ्यांनी आपापल्या कुटुंबाचे फोटो गिब्ली स्टाइलमध्ये करून लावले होते, तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्यावर हेच चाललं होतं. मीही एक केला, खोटं का बोलू. छान दिसत होतो. दुसऱ्या दिवशी विसरलो.

मुद्दा तोच आहे. विसरलो. गिब्लीच्या 'द विंड रायझेस'मध्ये गर्दीचा एक शॉट आहे, चार सेकंदांचा. तो एका अ‍ॅनिमेटरने सव्वा वर्ष काढला. ज्याला गिब्ली आवडतं, खरंच आवडतं, त्याने त्यातला एक कान, एक चप्पल, एक भाताचा वाडगा तरी स्वतः काढून बघावा. जमणार नाही. जमत नाही तेव्हाच कळतं की समोरच्याने काय केलंय. मी रामाचं धनुष्य सोळा वेळा काढलंय, त्या वहीत सगळी आहेत, आणि अजूनही मला कुठल्याही चित्रातलं धनुष्य खोटं वाटलं की लगेच कळतं. दोरी हातातून कुठे जाते ते बघा. ते मला कुठल्याही क्लासने शिकवलेलं नाही.

आणि ज्याचा हात चालत नाही त्याचं म्हणाल तर माझाही चालत नव्हता! म्हणूनच ती चित्रं तशी आहेत. दोन-तीन रुपयांची पेन्सिल आणि कंपनीचा रद्दी कागद, ह्याच्याहून मोठी लोकशाही कुठली आणणार आहात? कुणाला दुकानाची पाटी करायचीये, लग्नाचं कार्ड करायचंय, प्रेझेंटेशनला चित्र हवंय, त्यांनी खुशाल मशीन वापरावं. मीही वापरतो. माझं भांडण तेवढ्यापुरतं नाहीच. माझं भांडण पोराने काढून झालेल्या चित्राशी छेडछाड करण्याशी आहे. आज आठ वर्षांची पोरगी मोटू-पतलू काढते, बाप फोटो काढतो आणि दहा सेकंदांत तिला दाखवतो, "बघ बेटा, असं पाहिजे होतं." माझ्या एका मित्राने केलं हे, माझ्यासमोर. पोरीने फोनकडे पाहिलं, स्वतःच्या कागदाकडे पाहिलं आणि कागद उलटा करून ठेवला. तो मित्र अत्यंत प्रेमळ बाप आहे. माझे सरही प्रेमळ होते.

आपली पिढीसुद्धा काही धुतल्या तांदळाची नाही. आपण आपली जुनी चित्रं बघून काय म्हणतो? "किती क्यूट! काय हसू येतं ना!" मीही ग्रुपवर पहिल्यांदा तेच टाकलं होतं, हसरा चेहरा. आपणच आपल्या वह्यांना विनोद करून ठेवलंय, मग बंड्याला दोष कसा द्यायचा? तो मला म्हणालासुद्धा, "तूच हसलास ना आधी?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन ठेवला.

दिवाळीला नाशिकला गेलो. आईला म्हटलं, तो डीपी बदल. ती म्हणाली, "अरे पण तुझ्या चित्रात सीता ओळखू येत नाही." म्हटलं, ती सीता तुझ्यावरून काढलीये. तेव्हा तुझी तीच साडी होती, हिरवी. आईने चष्मा लावला, वही जवळ घेतली, बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "ह्या साडीचा मी पडदा केला होता." डीपी बदलला नाही अजून. बघू.

रात्री सगळे झोपल्यावर मी रावण काढला. वहीतला. तो कसा झाला ते मला आठवायला लागलं. गांधीनगरला रावणदहन बघून आलो होतो आणि डोक्यात सिनेमातला रावण आणि मैदानातला रावण ह्यांची भेळ झाली होती. दहा डोक्यांचा घोळ असा की दहा हा आकडा सम आहे. मधलं एक काढलं की दोन्ही बाजूंना सारखी वाटणी होत नाही, एकीकडे चार, एकीकडे पाच. हे मला तेव्हा चित्र काढताना कळलं होतं आणि मी बाबांना जाऊन विचारलंही होतं की खरा रावण कुठल्या बाजूला झुकत असेल? बाबा म्हणाले, "अभ्यास झाला का?"

तर मी मधलं काढलं, डावीकडे चार काढली, उजवीकडे दोन काढली आणि कागद संपला. सात. पण त्या दोनांच्या शेजारी, भोकांच्या पट्टीत, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. आईच्या फोटोत ते कापलं गेलं होतं. मी दिव्याजवळ नेऊन वाचलं. आजोबांच्या पोस्टकार्डांवर असायचं तसं: कृ. मा. प.

पान उलटलं. मागे कंपनीची यादी, नट-बोल्ट, वॉशर, नग आणि दर. आणि त्या आकड्यांवरून, ठळक पेन्सिलने, उरलेली तीन डोकी. शेवटच्याला चष्मा आहे.